नदीच्या कोणत्या तीरावर

नाना गेल्याची बातमी मला देवासहून आली नाही, अमेरिकेहून आली. धारहून देवास म्हणजे इंदूरला बस बदलायची आणि जेवणाच्या आत पोचायचं, इतकं जवळ. आणि बातमी मात्र सात समुद्र फिरून आली. रविवारची सकाळ होती, मी पोहे भिजवत होते, आणि सईचा फोन आला. सई म्हणजे नानाची एकुलती एक मुलगी, माझी भाची. ती म्हणाली, "आत्या, बाबा फोन नाही उचलून राहिले." दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या शनिवारी संध्याकाळी, नाना आणि त्याचे व्याही रॉन व्हिडिओ फोनवर समोरासमोर बसत आणि भांडत. नानाने त्या फोनला कधी उशीर केला नव्हता. त्या दिवशी फोन नुसताच वाजत राहिला, तेव्हा रॉनने सुनेला सांगितलं, सुनेने देवासच्या शेजारच्या चौहान भियांना, म्हणजे चौहानभाऊंना, उठवलं, चौहान भियांनी त्यांच्याकडच्या किल्लीने दार उघडलं... नाना खिडकीपाशी खुर्चीत होता, चष्मा डोळ्यांवर, फोन समोर टेबलावर. डॉक्टर म्हणाले की त्रास झालेला दिसत नाही. माझ्या भावाची काळजी त्या सकाळी सगळ्यांत आधी कोणाला लागली, तर जो दर आठवड्याला त्याच्याशी वाद घालायचा त्याला. दुःखातही मला ह्या गोष्टीचं समाधान वाटलं होतं, आणि अजून वाटतं.

नाना माझा मावसभाऊ. आमच्या आया सख्ख्या बहिणी, एक धारला दिली, एक देवासला. तो भूगोल शिकवायचा, मी इतिहास, आणि आयुष्यभर आमचं ह्यावरून जुंपलेलं की पोरांना आधी काय शिकवावं. तो म्हणायचा, तुझी राजे-महाराजे माणसं उभी कुठे होती हे माहीत नसेल तर त्यांच्या लढाया कशाला सांगतेस. पहिली नोकरी त्याने सोनकच्छला केली, मग देवासला आला आणि निवृत्त होईपर्यंत तिथेच. शाळा हिंदी माध्यमाची. नव्या वर्गाला त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असे. फळ्यावर काही नाही, पुस्तक बंद, आणि नाना एकेकाला उठवून विचारायचा, "भिया, तू नदी के किस तरफ खड़ा है?" पोरं गडबडायची. कोणती नदी, कोणती बाजू, कोणाला काही सांगता येत नसे. नाना मग त्यांना माताजीच्या टेकरीवर घेऊन जायचा, वरून सगळं माळव्याचं पठार दाखवायचा आणि सांगायचा की क्षिप्रा तिकडे, कालीसिंध तिकडे, दोघी उत्तरेला चालल्या आहेत, आणि नर्मदामाई आपल्या पाठीमागे, दक्षिणेला. म्हणजे आपण नर्मदेच्या उत्तरेला. एवढं कळलं की भूगोल अर्धा आला, असं त्याचं म्हणणं. घरच्यांनाही त्यातून सूट नव्हती. मी फोन केला की "कशी आहेस" च्या आधी तो विचारायचा, कुठल्या नदीच्या कुठल्या बाजूने बोलते आहेस. मी एकदा वैतागून म्हटलं की स्वयंपाकघराच्या मोरीच्या डाव्या बाजूने बोलते आहे, तर त्याला ते उत्तर इतकं आवडलं की त्याने ते पुढे वर्गात सांगितलं.

त्याचा दुसरा नाद म्हणजे उठावाचे नकाशे. आमच्या आजीकडे जुने कागद भिजवून, त्यात मेथीचं पीठ घालून कुटून त्याच्या टोपल्या करत. नानाने तोच लगदा फळीवर थापून डोंगर केले. विंध्य केला, सातपुडा केला, गेरूने रंगवला, नद्यांना आणि समुद्राला कपड्यांची नीळ. मेथीमुळे त्या नकाशांना कीड लागत नाही आणि घरात शिरलं की आधी त्यांचाच वास येतो. सुमनवहिनी होत्या तोवर म्हणायच्या की आमच्याकडे भाजीला मेथी उरत नाही, सातपुड्याला उरते. त्या गेल्यावर सई शिकायला अमेरिकेत गेली, आणि नाना त्या घरात नकाशांबरोबर राहिला.

सईने तिकडे लग्न केलं. मुलगा डॅनियल, स्वभावाने गरीब, आणि घराणं मॉर्मन. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. मॉर्मन हा अमेरिकेत दोनएकशे वर्षांपूर्वी निघालेला पंथ. ते ख्रिस्ताला मानतात, बायबल मानतात, शिवाय त्यांचा स्वतःचा आणखी एक धर्मग्रंथ आहे. त्यात हकीकत अशी की ख्रिस्ताच्या कितीतरी आधी जेरुसलेमहून काही माणसं गलबतातून अमेरिकेला पोचली, तिथे त्यांची दोन राष्ट्रं झाली, शहरं वसली, लढाया झाल्या, आणि अखेर एक राष्ट्र एका टेकडीपाशी पार संपलं. ही सगळी कथा सोन्याच्या पत्र्यांवर कोरलेली होती आणि पंथाच्या संस्थापकाला ती सापडली अशी त्यांची श्रद्धा. सई रविवारी डॅनियलबरोबर त्यांच्या चर्चमध्ये जाते हे नानाला कळलं, आणि तेव्हापासून त्याच्या मनाने घेतलं की पोरगी आता हातची जाणार. नाव बदलेल, सण बदलतील, उद्या आपण गेलो तर कोणी तीळ-पाणी द्यायला उरणार नाही... हे तो मोठ्याने बोलायचा नाही, पण मला दिसत होतं. त्याने मला एवढंच सांगितलं, "देवाचं मला काही कळत नाही, शालू. नदीचं कळतं. त्या पुस्तकातली नदी पृथ्वीवर कुठेच वाहत नाही हे मी सईला दाखवून देणार आहे. मग तिचं ती ठरवेल."

आणि खरोखरच त्याने तो ग्रंथ मागवला आणि हिवाळाभर गच्चीवर उन्हात बसून वाचला. भाविक वाचतात तसा नव्हे. कोण कुठून निघालं, चढून गेलं की उतरून आलं, चालत किती दिवस लागले, समुद्र कुठल्या हाताला होता, एवढंच तो बघत होता. गच्चीच्या फरशीवर खडूने एक देश उमटायला लागला. दक्षिणेला उंच मुलूख, तिथून निघून उत्तरेला वाहणारी सायडन नावाची नदी, तिच्या काठी झाराहेमला हे मोठं शहर, त्याच्याही वर जमिनीची एक चिंचोळी मान, दोन्ही बाजूंना समुद्र, आणि मानेपलीकडे उत्तरेचा देश. मी देवासला गेले की तो मला त्या देशातून फिरवायचा, आणि मी चप्पल काढून झाराहेमलात उभी राहायची. घोड्यांचं आणि गव्हाचं मीच काढलं. मी म्हटलं, अरे, अमेरिकेतले मूळचे घोडे केव्हाच नामशेष झाले होते, पुन्हा नेले ते स्पॅनिश लोकांनी. तुझ्या ह्या पुस्तकात तर मधल्या काळात घोडे आहेत, गहू आहे, पोलाद आहे. नाना म्हणाला, ते तू इतिहासवाली बघ, माझ्या नदीत घोडे घालू नकोस.

गंमत पुढेच होती. तो ज्या वादाला एकटा तोंड फोडतो आहे असं समजत होता, तो वाद त्या मंडळींत आपसातच किती वर्षं पेटलेला आहे हे त्याला जावयाकडून कळलं. आधीच्या पिढ्या मानायच्या की हा देश म्हणजे अख्खी उत्तर आणि दक्षिण अमेरिका. मग काही अभ्यासकांनी, अगदी नानाप्रमाणेच, चालण्याचे दिवस मोजले आणि म्हणाले, एवढा मोठा देश पायी ओलांडता येणार नाही, हा मुलूख लहानच असला पाहिजे. आणि त्यांनी तो मध्य अमेरिकेत नेऊन ठेवला. दुसऱ्या एका गटाला ते पसंत नाही. त्यांच्या मते तो देश अमेरिकेच्या मधल्या सपाट भागात, मोठ्या सरोवरांपासून मिसिसिपी नदीपर्यंत. पंथाची अधिकृत भूमिका म्हणाल तर ते जागा सांगतच नाहीत. बाहेरचे पुरातत्त्ववाले म्हणतात, कुठेच नाही. आणि आमच्या सईच्या सासरी डॅनियल मध्य अमेरिकेचा, तर त्याचे वडील रॉन मिसिसिपीचे. जेवणाच्या टेबलावर बाप-लेक हमरीतुमरीवर येतात. हे ऐकून नाना खूश झाला. त्याने सईमार्फत रॉनना निरोप धाडला की मिसिसिपी दक्षिणेला वाहते आणि तुमच्या पुस्तकातली नदी उत्तरेला, तेव्हा आधी आपली नदी उलटी करून घ्या. आम्हा माळव्यातल्या लोकांना नदी उत्तरेला वाहण्याचं नवल नाही, आमच्या सगळ्या तशाच. पण मिसिसिपी काही माळव्यात नाही.

सगळ्यांत जास्त वाद त्या टेकडीवरून. जिथे शेवटची लढाई झाली त्या टेकडीचं ग्रंथातलं नाव कुमोरा. न्यूयॉर्ककडे एक टेकडी आहे, पत्रे जिथे सापडले असं मानतात ती, तिलाही कुमोराच म्हणतात. मध्य अमेरिकावाले म्हणतात, टेकड्या दोन असल्या पाहिजेत, एक लढाईची आणि एक पत्र्यांची, नाव एकच. मी हे ऐकून पोट धरून हसले. म्हटलं, नकाशात गाव बसेना म्हणून गावंच दोन केली, हा तर उत्तम उपाय झाला. नाना हसला नाही. म्हणाला, "हसू नकोस. आपली निसरपुरं किती आहेत?"

निसरपूर आमचं आजोळ, धार जिल्ह्यातच, नर्मदेच्या काठचा भाग. आजोबा संस्थानच्या वेळेला कारकून म्हणून तिकडे गेले आणि तिथलेच झाले. आमच्या सुट्ट्या तिथे गेल्या. सरदार सरोवराचं पाणी चढलं तेव्हा आम्ही दोघं बघायला गेलो होतो. मामाच्या घराच्या जागी पाणी. बाजाराच्या जागी पाणी. आणि बरंच अलीकडे, उंचावर, सरळ रस्त्यांची, पत्र्यांच्या छपरांची नवी वसाहत, आणि तिच्या तोंडाशी पाटी : निसरपूर. नाना त्या पाटीखाली बराच वेळ उभा होता. मी त्याला म्हटलं, चल, ऊन लागतंय. तो म्हणाला, पाटी इथे आणि गाव तिथे, हे मी वर्गात कसं शिकवू... तिथल्या चहावाल्याने आम्हाला विचारलं, कोणत्या निसरपूरचे. नानाने हात पाण्याकडे केला. चहावाला म्हणाला, हौ, मग आपल्याच गावचे.

पण ह्या सगळ्यामुळे नानाचा बेत बदलला असं कोणी समजू नये. लग्नानंतर पहिल्यांदा सई, डॅनियल आणि रॉन देवासला येणार असं ठरलं, तेव्हा त्याने खडूचा देश लगद्याने फळीवर उतरवला. असा सुंदर नकाशा त्याने आधी केला नव्हता. नावं कुठेच नाहीत, नुसते डोंगर, नदी, चिंचोळी मान आणि दोन बाजूंना निळीचे समुद्र. सत्यनारायण ठेवला होता. पूजा झाली, जेवणं झाली की सगळ्यांसमोर चादर काढायची आणि सईला विचारायचं की बाई, हा देश मला ह्या पृथ्वीवर दाखव. असं त्याने मला फोनवर सांगून ठेवलं होतं. मी धारहून एक दिवस आधीच गेले. भाऊ मुलीला तोडून बसेल ह्या भीतीने गेले, खोटं कशाला बोलू. नाना हट्टाला पेटला की त्याला कोणी आवरू शकत नसे, वहिनी सोडून.

रॉन आले. उंच, पांढऱ्या भुवया, मोठे हात. शाळेत पोरांना सुतारकाम शिकवून निवृत्त झालेले. आल्या आल्या पंचाईत झाली ती चहाची. त्यांच्या पंथात चहा-कॉफी वर्ज्य. आता देवासमध्ये पाहुण्याला चहा द्यायचा नाही तर मग बोलायला सुरुवात तरी कशी करायची? चौहान भिया येऊन बघून गेले आणि म्हणाले, "भिया, चाय नी पीते तो समधी से बात कायकी करोगे?" शेवटी केशराचं दूध दिलं. रॉननी ते प्यायलं, मिशांना लागलेलं पुसलं, आणि भिंतीवरच्या नकाशांकडे निघाले. प्रत्येक फळीची कड बोटांनी चाचपून म्हणाले की डोंगर फार छान आहेत पण फळ्या वाकायला लागल्या आहेत, चौकट हवी. नानाला हे लागलं, कारण ते खरं होतं. दुपारी दोघं बाजारात जाऊन सागाच्या पट्ट्या घेऊन आले. ज्या माणसाचा ग्रंथ दुसऱ्या दिवशी खोटा ठरवायचा होता त्याच्याचबरोबर नानाने अंगणात बसून पट्ट्या कापल्या, तासल्या, आणि विंध्याला चौकट बसवली.

पूजा सकाळी झाली. नाना सोवळं नेसून पाटावर, सई त्याच्याजवळ, डॅनियल तिच्या मागे, आणि रॉन गुडघ्यांमुळे खुर्चीवर, हात मांडीवर ठेवून अगदी लक्ष देऊन बसलेले. गुरुजी आमचे पिढ्यांचे, त्यांचे पूर्वज आमच्या पूर्वजांबरोबर आले असं दोन्ही घरांत सांगतात. त्यांनी नानाच्या हातावर पाणी घातलं आणि संकल्प सुरू केला. कोणत्याही पूजेआधी आपण कोण, केव्हा, कुठे बसून हे करतो आहोत हे देवाला सांगायचं असतं, ते हे. ते जे म्हणत ते नाना म्हणत होता, घोकलेलं, न अडखळता, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे... रॉननी हळूच विचारलं की आत्ता गोदावरी म्हणाले का. सईने सांगितलं, हो, आपण जिथे बसलो आहोत ती जागा सांगतात, गोदावरीच्या दक्षिण तीरावर. रॉन उठले. समोरच भिंतीवर भारताचा नकाशा होता. त्यांनी चष्मा लावला, देवासवर बोट ठेवलं आणि खाली यायला लागले. नर्मदा लागली. तापी लागली. मग गोदावरी. त्यांचं बोट तिथे थांबलं आणि त्यांनी मागे वळून बघितलं. चेष्टेचा मागमूस नव्हता, त्यांना खरंच समजून घ्यायचं होतं. त्यांनी विचारलं, "नाना, मग आपण हिच्या दक्षिणेला कसे?"

गुरुजी म्हणाले, "आमच्या वडिलांपासून असंच चालत आलं आहे." आमच्या मराठी लोकांनी पेशव्यांच्या काळात गोदावरी ओलांडली, तापी ओलांडली, नर्मदा ओलांडली, इथे संस्थानांच्या चाकऱ्या केल्या, घरं बांधली, म्हातारे झाले, मेले; आणि देवासमोर बसलं की आम्ही अजून गोदावरीच्या दक्षिणेलाच. उभ्या आयुष्यात हजारो पोरांना नदीच्या कोणत्या बाजूला उभा आहेस म्हणून छळणारा माझा भाऊ मुंजीपासून रोज हे म्हणत आला होता, आणि त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. मला तरी कुठे आलं होतं. नाना हातावरचं पाणी तसंच धरून बसला होता. मग तो रॉनना इंग्रजीत म्हणाला की त्या वाक्यात आम्ही अजून तिथून निघालेलो नाही. रॉननी मान हलवली, जसं काही हे उत्तर त्यांच्या ओळखीचंच होतं, आणि येऊन खुर्चीवर बसले. नानाने पाणी सोडलं आणि पूजा पुढे चालू झाली.

प्रसादाचा शिरा झाला, जेवणं झाली. पलंगावर चादरीखाली तो नकाशा होता आणि सईला तिथे काय आहे हे ठाऊक होतं. नाना उठायच्या आत तीच बोलली. म्हणाली, "बाबा, ते दाखवायच्या आधी मला एक सांगायचंय. दिवाळीआधीच मी बाप्तिस्मा घेतला. फोनवर बोलायची हिंमत नाही झाली." डॅनियलला मराठी येत नव्हतं, पण त्याने सईच्या पाठीवर हात ठेवला. त्या लोकांत पाण्यात पूर्ण बुडवून काढतात हे नानाने वाचलेलं होतं. त्याने विचारलं, "पाणी गार होतं का गं?"

सई म्हणाली, नाही बाबा, कोमट होतं.

"तुला सर्दी लगेच होते, म्हणून विचारलं," तो म्हणाला. मग सई रडली आणि मीही रडले, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

नानाने तरीही चादर काढली. ह्या बाबतीत तो मला फार आवडतो. त्याने शाळेतल्यासारखा तासभर तो देश समजावून दिला, नदी कुठून निघते, शहर कुठे, मान किती चिंचोळी. शेवटी म्हणाला की हा देश पुस्तकात बऱ्यापैकी नीट बसतो, पृथ्वीवर बसत नाही. मला तो सापडला नाही आणि सापडला असं मी कोणाच्या प्रेमाखातर म्हणणार नाही. रॉन म्हणाले की मी शोधून दाखवेन. नाना म्हणाला, दाखवा, मी आहे इथे. मग सईकडे वळून तो म्हणाला, "तू कुठे राहायचं ते मी नाही सांगणार. मी स्वतः देवासमध्ये बसून गोदावरीकाठी राहतोय." रॉननी जाण्याआधी त्या फळीलाही सागाची चौकट बसवली, बाकीच्या चौकटींपेक्षा जास्त नेटकी, आणि एकही खिळा न ठोकता. ज्या नकाशावरून त्यांचा देश पृथ्वीवर कुठेच नाही असं ठरवलं होतं, त्याच नकाशाला.

तेव्हापासून त्यांचे रविवार सुरू झाले. रॉन नवनवीन पुरावे आणायचे, नाना ते परतवायचा. कधी मातीचे जुने बांध, कधी एखादी नदी जी पूर्वी दुसरीकडे वाहत असावी. घोड्यांची पाळी आली की मला फोनवर घेत. मी रॉनना स्पष्ट सांगायची की माझ्या मते हा इतिहास नाही. ते म्हणायचे की शालू, तुला हक्क आहे, आणि पुढच्या रविवारी पुन्हा घोडे घेऊन यायचे. कोणी कोणाला हरवलं नाही. नानाचं मत शेवटपर्यंत बदललं नाही आणि रॉनची मिसिसिपी शेवटपर्यंत उत्तरेला वाहिली नाही. सई दर दिवाळीला देवासला येत राहिली, बापाला उटणं लावत राहिली, आणि तिकडे रविवारी चर्चमध्ये जात राहिली.

एकदाच, गणपतीत, नानाने संकल्प दुरुस्त करून बघितला. गुरुजींना सांगितलं, ह्या वेळी रेवायाः उत्तरे तीरे म्हणा, नर्मदेच्या उत्तर तीरावर, खरं आहे ते. तसं म्हटलं. संध्याकाळी मला फोन करून म्हणाला, "नकाशा बरोबर झाला गं, पण आई-अण्णा कुठे सापडेनात." अण्णा म्हणजे त्याचे वडील; ते दोघं जन्मभर गोदावरीच्याच संकल्पाला बसले होते. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा गोदावरीवर गेला. ह्यातलं बरोबर कोणतं, हे मात्र त्याने कधी सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाला, रॉनला विचारतो.

सई आली, सगळे दिवस तिने केले, आणि परत गेली. जाताना तिने तो बिननावाचा देश माझ्याकडे धारला आणून ठेवला. विमानात न्यायला तो फार नाजूक आहे, म्हणाली. माझ्या बैठकीच्या खोलीत, मी चहा घेते त्या टेबलावर, भिंतीला टेकून तो उभा आहे, आणि खोलीला मेथीचा वास येतो. रविवारी सकाळी आता रॉन मला फोन करतात. ते दूध पितात, मी चहा. पहिल्या रविवारी आम्ही फारसं बोललो नाही. दुसऱ्या रविवारी त्यांनी घोडे काढले आणि मला बरं वाटलं.

परवा नानाचं पहिलं मासिक श्राद्ध झालं. सईने तिकडे, तिच्या घरात करायचं ठरवलं. तिला कोणी सांगितलं नव्हतं. गुरुजींचा मुलगा देवासहून फोनवर मंत्र सांगत होता आणि मध्येच अडला. त्याने ऐकलं होतं की अमेरिकेत बसून संकल्प करायचा तर पुराणातलं क्रौंचद्वीप म्हणतात. आता क्रौंचद्वीप नक्की कुठे ह्यावर नाना आणि रॉन महिनाभर सुखाने भांडले असते. सईने मला फोन लावला. म्हणाली, "आत्या, पंडितजी पूछतायत. मी कोणत्या नदीच्या तीरावर आहे बोलू?"

मी समोरच्या फळीकडे बघितलं, त्या निळीच्या नदीकडे. सगळी नोकरी मी पोरांना हेच सांगण्यात घालवली की जे झालं तेच लिहा, जिथे झालं तिथलंच लिहा. मी तिला म्हटलं, गोदावर्याः दक्षिणे तीरे म्हण. सईने ते म्हटलं. तिच्या मागून रॉनचाही आवाज आला, मोडके उच्चार, पण शब्द तेच. मग ताम्हनात पाणी पडल्याचा आवाज आला.